कंपनीच्या सर्व्हरवरील माहितीचे रक्षण: कामाला कुठून सुरुवात करावी

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जगभरातील संगणक निकामी केले, आणि न्हावा शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांची खाती व परवानग्या सांभाळणारे समूहाचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती जपत होते, पण ते सगळे एकाच नेटवर्कला जोडलेले असल्याने एकाच वेळी गेले. घानामधील एक तेवढा वीज खंडित झाल्यामुळे बंद होता, म्हणून वाचला, आणि त्याच्या आधारे पुढची उभारणी करता आली. मर्स्कला योगायोगाने मिळालेली ही नेटवर्कबाहेरची प्रत प्रत्येक कंपनीने ठरवून ठेवली पाहिजे, आणि माझ्या मते खर्चाचा पहिला रुपया तिच्यावरच पडला पाहिजे.

त्यासाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात. एक डिस्क रात्री बॅकअपसाठी जोडावी, दुसरी कार्यालयाबाहेर कुलपात असावी, आणि दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करावी. दोन्ही विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने एन्क्रिप्ट कराव्यात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा कराव्यात, आणि रिकव्हरी की, म्हणजे त्या उघडण्याचा राखीव संकेतांक, कागदावर छापून तिजोरीत ठेवावी, कारण ती सर्व्हरवरच राहिली तर सर्व्हर गेल्यावर डिस्कही उघडणार नाही. बॅकअप घेणारे खाते डोमेन अ‍ॅडमिनच्या, म्हणजे नेटवर्कवरील सर्व संगणकांवर अधिकार असलेल्या, खात्यापासून वेगळे असावे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागलेला हल्लेखोर खंडणी मागण्यापूर्वी बॅकअप शोधून पुसतो. रेडमुळे (एकच माहिती एकाच वेळी अनेक डिस्कवर ठेवण्याच्या रचनेमुळे) किंवा क्लाउडवरील सिंकमुळे निर्धास्त राहू नये, कारण मूळ फाइल खराब झाली की तोच बदल तिथेही लगेच पोहोचतो.

बॅकअप ‘सक्सेसफुल’ असल्याचा ई-मेल हा पुरावा नव्हे. दर तिमाहीस एखाद्या मोकळ्या संगणकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बॅकअपमधून रिस्टोअर करावा, टॅलीत आपल्या कंपनीचे हिशेब उघडावेत आणि त्या तारखेची ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) मूळ प्रतीशी ताडून पाहावी. या कामाला लागलेला वेळ लिहून ठेवावा, म्हणजे संकटाच्या दिवशी व्यवस्थापनाला खरा अंदाज देता येईल.

यानंतर परवानग्या तपासाव्यात. सर्व्हरवरील लेखा विभागाच्या शेअर्ड फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधील शेअरिंग व सिक्युरिटी हे दोन्ही टॅब पाहावेत. तिथे ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ दिसले, तर स्टोअरमधील संगणकात शिरलेले रॅन्समवेअरही (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे मालवेअर) पगारपत्रके एन्क्रिप्ट करू शकते. विभागवार ग्रुप तयार करून ज्याला जेवढे काम तेवढीच परवानगी द्यावी, आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच्या शेवटच्या दिवशीच बंद होईल अशी व्यवस्था मनुष्यबळ विभागाशी बोलून लावावी.

बाहेरून येणाऱ्या वाटा मोजक्याच असाव्यात. घरून काम करण्याच्या सोयीसाठी राउटरवर उघडलेला ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याचा, पोर्ट आजच बंद करावा, आणि आत येण्यासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) व त्यावर ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची करावी. पाहुण्यांचे वाय-फाय आणि सीसीटीव्ही सर्व्हरच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर) ठेवावेत. अपडेटबाबत एकच उदाहरण पुरेसे आहे: मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

लॉग, म्हणजे संगणकांवर व नेटवर्कवर काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, जपणे अनेकांना कटकटीचे वाटते, परंतु हल्लेखोर कुठून आला आणि त्याने काय नेले, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे आणि निर्देशांत नमूद केलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. एवढ्या अवधीत फोन नंबर शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून सर्ट-इनचा ई-मेल, सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक, बँक, विमा कंपनी आणि फायरवॉल सांभाळणारा व्हेंडर यांचे तपशील सर्व्हर रूमच्या दारावर कागदावर लावून ठेवावेत. घटना घडताच बाधित संगणकाची नेटवर्क केबल काढावी व वाय-फाय बंद करावे, पण तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय तो फॉरमॅट करू नये, आणि बॅकअपची डिस्क अशा नेटवर्कला चुकूनही जोडू नये.