घर्षण आणि हवेचा रोध: गणितं सोडवताना या चुका टाळा

१० किलोग्रॅमचा खोका सपाट जमिनीवर ठेवलाय. स्थितिक घर्षणांक, म्हणजे थांबलेल्या वस्तूसाठी दोन पृष्ठभागांच्या पकडीचा आकडा, ०.५. तुम्ही २० न्यूटन बलाने तो ढकलता. घर्षण बल किती?

वहीत हमखास उत्तर येतं ४९ न्यूटन, कारण घर्षणांक गुणिले वजन: ०.५ × १० × ९.८ (९.८ हे गुरुत्व त्वरण). आता हेच उत्तर पुढे न्या. २० वजा ४९, म्हणजे उणे २९ न्यूटन. या हिशोबाने खोका ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून यायला हवा!

गुणाकार बरोबर आहे, पण ४९ ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. खोका जागचा हलत नाही तोवर घर्षण तुमच्या जोराइतकंच असतं: २० ला २०, ३५ ला ३५. जोर ४९ च्या वर गेला की खोका सरकतो आणि गतिक घर्षण लागू होतं. ते सहसा थोडं कमी भरतं. जड कपाट सरकवताना पहिला रेटा जोरात द्यावा लागतो तो यामुळेच. म्हणून सूत्राला हात लावण्याआधी एकच बघा: वस्तू घसरतेय का?

उत्तर थोडक्यासाठी चुकत असेल, तर लंब प्रतिक्रिया, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो तो रेटा, तपासा. घर्षणांकाला गुणायचं असतं ते तिनेच. ती वजनाइतकीच असते असं धरून चालू नका. याच खोक्याला दोरी बांधून ३० अंशांत वरच्या दिशेने ४० न्यूटनने ओढलं, तर २० न्यूटन भार दोरीच पेलते. जमिनीकडून येणारी प्रतिक्रिया ९८ नाही, ७८ न्यूटन. उतारावरही ती वजनापेक्षा कमीच.

‘घर्षण गतीच्या विरुद्ध असतं’ हे पाठ केलेलं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटतं आणि घर्षण आपल्याला पुढे ढकलतं. सांडलेल्या तेलावर ते मिळत नाही, म्हणून पाय मागे सटकतो. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. आकृतीत घर्षणाच्या बाणाची दिशा त्यावरून ठरवा.

हवेच्या बाबतीत जुनी चूक म्हणजे ‘जड वस्तू आधी पडते’. एकाच मापाचे दोन कागद घ्या, एकाचा बोळा करा आणि दोन्ही एकदम सोडा. वजन सारखंच, तरी बोळा आधी पोहोचतो. हवाच नसेल तर काय होतं, हे १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर दाखवलं: हातोडा आणि पीस एकदमच खाली पडले.

हवेचा रोध वेगाबरोबर वाढतो, नेहमीच्या वेगांना साधारण वेगाच्या वर्गाने. वेग दुप्पट, तर रोध चौपट. तो वाढत वाढत वजनाइतका झाला की निव्वळ बल शून्य. इथे पुष्कळ जण लिहितात, ‘वस्तू थांबते’. थांबत नाही, त्याच वेगाने पडत राहते. हाच अंतिम वेग. मोठ्या पावसाच्या थेंबाचा तो सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. रोध नसता तर २ किलोमीटरवरून पडणारा थेंब १९८ मीटर प्रतिसेकंद वेगाने आदळला असता.

सरळ वर फेकलेल्या चेंडूच्या आकृतीत रोधाचा बाण दोनदा तपासा. वर जाताना तो खाली, वजनाच्या बाजूने. खाली येताना वर. अगदी माथ्यावर वेग शून्य, म्हणून रोधही शून्य, पण त्वरण ९.८ च. शिवाय प्रत्येक उंचीवर उतरतानाचा वेग चढतानाच्या वेगापेक्षा कमी असतो. त्यामुळे उतरायला वेळ जास्त लागतो. दोन्ही वेळा सारख्या आल्या, तर गणितात रोध धरायचा राहिलाय.