जीआरईच्या शब्दांची तयारी: यादी पाठ करण्याआधीची यादी

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी द्यायची परीक्षा. तिच्या तयारीत सगळ्यात आधी, सीनिअरकडून व्हॉट्सॲपवर आलेली ती साडेतीन हजार शब्दांची पीडीएफ बाजूला ठेवा. डिलीट करायला मन धजत नाही, ठाऊक आहे; नुसती बाजूला ठेवा. तशा याद्या ज्या परीक्षेसाठी जन्मल्या ती परीक्षाच आता राहिलेली नाही. २०११ च्या ऑगस्टपर्यंत जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या सुट्या विचारत, तेव्हा घोकंपट्टी खपून जायची. आता शब्द वाक्यात बसलेला येतो. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून परीक्षाच आटोपशीर झालीय: सगळी मिळून १ तास ५८ मिनिटं. त्यात व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेचे, दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्नांना १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २३. या २७ पैकी निम्म्याच्या आसपास प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. म्हणजे निव्वळ शब्दांवर उभे असलेले प्रश्न उरतात तेरा-चौदा. साडेतीन हजारांचं गणित तिथेच कोलमडतं.

मग पहिलं काम कोणतं? एकही शब्द पाठ न करता, ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवरची पॉवरप्रेप ही मोफत सराव परीक्षा द्या. अशा दोन मोफत आहेत; एक आत्ता वापरा, दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. चुकलेले प्रश्न तीन रकान्यांत लिहा: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण अर्थ वेगळा निघाला, आणि शब्द सगळे माहीत होते पण वाक्याचं वळण हुकलं. आपण मराठी माध्यमातले, तेव्हा पहिला रकाना लांबलचक असणार, अशी माझी खात्री होती. लांब निघाला तिसरा. ‘ऑल्दो’, ‘फार फ्रॉम’, ‘इफ एनीथिंग’ अशा शब्दांवरून मी सरळ पुढे निघून गेलो होतो. ‘तो बोलायला अमुक असला, तरी लिहायला बसला की पानंच्या पानं भरतो’ या वाक्यातलं ‘अमुक’ म्हणजे मितभाषी, हे आपल्याला ‘तरी’मुळे कळतं. इंग्रजीतही आधी तो ‘तरी’ शोधा, गाळलेल्या जागी मनातला मराठी शब्द ठेवा, आणि मगच पर्यायांकडे बघा.

दुसऱ्या रकान्यासाठी वेगळी वही करा. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण हीच वही देते, आणि ती करायचा कंटाळा सगळ्यांना येतो, कारण शब्द ओळखीचे वाटतात. ‘सँक्शन’ घ्या. बँकेत कर्ज सँक्शन होतं ती मंजुरी. बातम्यांत एखाद्या देशावर सँक्शन लागतात ते निर्बंध. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं, पण कुणी आपली स्तुती क्वालिफाय केली तर त्याने हातचं राखून स्तुती केली. ‘फ्लॅग’ म्हणजे ढेपाळणं, ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणं, ‘वाँट’ म्हणजे उणीव, ‘पेटंट’ म्हणजे उघड-उघड. रस्ता ओलांडणारा ‘पेडेस्ट्रियन’ लेखनाबद्दल आला तर लेखन सुमार आहे. ‘प्लॅस्टिक’ म्हणजे हवा तसा आकार देता येईल असा. प्लॅस्टिक सर्जरीतला प्लॅस्टिक हाच, बादलीचा नव्हे. आणि ‘होमली’! वधूवर सूचक जाहिरातींनी आपल्याला शिकवलेला अर्थ परीक्षेला नेऊ नका. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताचा.

नव्या शब्दांसमोर मराठी अर्थ लिहायचा की नाही, यावर क्लासवाले वाद घालतात. मी म्हणतो, जरूर लिहा, पण शब्दकोशातला कोरडा नको, घरातला लिहा. ‘फ्रुगल’ काटकसरी, ‘पार्सिमोनियस’ चिक्कू, ‘मायझर्ली’ कवडीचुंबक. तिघेही पैसे वाचवतात, पण कुणाचं कौतुक चाललंय आणि कुणाला नावं ठेवली जाताहेत, हे मराठीत लगेच कानाला कळतं, आणि प्रश्न नेमका तिथेच फिरतो. ‘ऑब्सिक्वियस’ म्हणजे लाळघोट्या. ‘गॅर्युलस’ म्हणजे ज्याच्या तोंडाची टकळी थांबत नाही तो. ‘डिसइंजेन्युअस’ माझ्या डोक्यात कितीतरी दिवस बसेना. ताकाला जाऊन भांडं लपवणारा, असं लिहिलं आणि बसला. खाली मात्र एक इंग्रजी वाक्य हवंच, मेरियम-वेब्स्टरसारख्या अमेरिकी कोशातून उतरवलेलं.

दिसण्यावरून फसवणाऱ्यांचं एक पान निराळं ठेवा. ‘एनर्व्हेट’ म्हणजे ऊर्जा देणं नव्हे, शक्तिपात करणं. ‘नॉइसम’मध्ये आवाज नाही, दुर्गंधी आहे. ‘रेस्टिव्ह’ माणसाला चैन नसतं. ‘डिसइंटरेस्टेड’ न्यायाधीश हवाच, कारण तो निःपक्षपाती असतो. शब्दांची मुळं शिकायची तर याच्यानंतर, तीही पंधरा-वीस पुरेत. लॅटिनमधल्या ‘बोलणं’ या एका धातूवरून लोक्वेशस, एलोक्वंट, कलोक्वियल असे तीन-चार शब्द एकदम हाती लागतात.

उजळणीसाठी पाच डबे घ्या. चपलांचे खोकेही चालतील. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली ही रीत. दर शब्दाची एक चिठ्ठी करून पहिल्या डब्यात टाकायची. चिठ्ठीवरचा शब्द आला की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला डबा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. अँकी हे ॲप हेच काम फोनवर करतं, पण फोन हातात आला की पुढे काय होतं ते मी सांगायला नको. रोज दहा-बारा नवे शब्द पुरेत. सोबत इंग्रजीतला एक लांब लेख वाचा, विज्ञानावरचा किंवा इतिहासावरचा. क्रिकेटचा धरायचा नाही.

सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नाचा सराव शेवटच्या महिन्यात वेगळा करा. त्यात समानार्थी शब्दांची एक जोडी मुद्दाम पेरलेली असते, जी वाक्यात बसतच नाही. आधी वाक्य, मग जोडी. दोन्ही शब्द बरोबर आले तरच गुण, अर्धे गुण नाहीत. दोन-तीन गाळलेल्या जागांच्या प्रश्नातही तसंच. चुकीच्या उत्तराला गुण मात्र कापत नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नका.

आदल्या संध्याकाळी नवा शब्द घेऊ नका. पहिल्या डब्यात जे दहा-बारा शब्द अजून ठाण मांडून बसलेत, त्यांना तिथेच राहू द्या. माझ्या डब्यात शेवटपर्यंत ‘रिकॅल्सिट्रंट’ होता. अर्थ: अडेलतट्टू.