उद्यानातली झुकझुकगाडी: रूळ, फाटक आणि मधली पायवाट

६१० मिलिमीटर गेज (दोन रुळांमधलं अंतर), वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं पण पोटात डिझेल असलेलं इंजिन, मागे बारा-बारा माणसांचे चार डबे, पाच-सहाशे मीटरचा गोल मार्ग आणि त्याला आडव्या जाणाऱ्या दोन पायवाटा. नाशिकच्या आसपास एखाद्या उद्यानात किंवा रिसॉर्टात अशी गाडी चालवायची असेल तर आधी वजनाचा हिशोब करा. इंजिन तीन टन, डबे मिळून तीन टन, आणि ४८ माणसं सरासरी ५० किलोची धरली तर २.४ टन. म्हणजे साडेआठ टनांच्या जवळपास, कांदा भरून लासलगावला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखा ऐवज. ट्रॅक्टर दिसला की माणूस बाजूला होतो. रंगीत झुकझुकगाडी दिसली की तोच माणूस मोबाइल काढून दोन पावलं पुढे सरकतो. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी आली, तेव्हापासून मराठी घरांत ही 'मुलांची गाडी' आहे, आणि तिची भीती कुणालाच वाटत नाही. म्हणून इथे इंजिनापेक्षा फाटकाबद्दल जास्त लिहिलं आहे.

सकाळची रूळफेरी

पहिल्या फेरीच्या किमान पाऊण तास आधी एका माणसाने पूर्ण मार्ग पायी फिरायचा. हातात गेजपट्टी, लहान हातोडी, पाना, ताठ ब्रश आणि टोक वाकवलेली सळई. स्कूटरवरून फेरी मारली तर ती धरू नका.

फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) प्रत्येक बोल्टवर हातोडीने हलकं टिचकारायचं. घट्ट बोल्ट 'टण्' वाजतो, ढिला 'बद्द' बोलतो. दोन दिवसांत कान तयार होतो. गेज सांध्यापाशी आणि वळणाच्या मध्यावर मोजा. गाडी बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पट्टीवरच कोरून घ्यावी. ती हाती नसेल तर सरळ मार्गावर ३ मिलिमीटर फरक दिसला की कारण शोधायला लागा. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताजी चमक आणि खाली लोखंडाचा बारीक चुरा दिसला, तर चाकाची कड तिथे घासते आहे. गेज आवळलंय का, ते आधी बघा.

सांध्यातली फट हा नाशिकच्या हवेत खास लक्ष देण्याचा भाग. जानेवारीच्या पहाटे रूळ १० अंशांवर असतो, मेच्या दुपारी तोच ६० अंशांपर्यंत तापू शकतो. पोलाद दर अंशाला लांबीच्या लाखातल्या १.२ भागाने वाढतं, म्हणजे ६ मीटरच्या रुळाला ५० अंशांत ३.६ मिलिमीटर. हिवाळ्यात फट 'वाईट दिसते' म्हणून कुणी सांधे ठोकून बंद केले, तर मेमध्ये रूळ बाजूला वाकून सापासारखा होतो. फिशप्लेट वर्षातून एकदा उघडून ग्रीस भरा, नाहीतर फट असूनही रूळ सरकत नाही. आणि मेमध्ये दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आणखी एक फेरी मारा, कारण सकाळी सगळं सरळच दिसतं.

काळ्या मातीवर थेट खडी टाकून रूळ घातले असतील तर पहिल्याच पावसात ते कळतं. उन्हाळ्यात भेगाळलेली माती जूनमध्ये फुगते, एका बाजूचा रूळ उचलला जातो आणि डबा डोलायला लागतो. खडी वाढवून हा दोष जात नाही. तेवढा पट्टा उघडून फूट-दीड फूट माती काढा, मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करा, वर जिओटेक्स्टाइल कापड आणि मग काळ्या दगडाच्या खडीचा १५० मिलिमीटर जाड थर. बाजूने चर हवाच. पाणी जायला वाट नसेल तर मुरूमही दोन वर्षांत चिखल होतो.

फाटक कुठे आणि कसं

वळणावर फाटक नको, फलाटाच्या टोकाला नको, आणि ज्याच्या पलीकडे कुल्फीची गाडी उभी राहते तिथे तर अजिबात नको. मूल कुल्फीकडे बघत धावतं, रुळाकडे नाही. एक तर कुल्फीवाल्याला हलवा, नाहीतर फाटकाला. चालकाला फाटकाआधी ३५ ते ४५ मीटर सरळ दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंची मेंदी-जास्वंदीची कुंपणं तेवढ्या अंतरात गुडघ्याइतकीच ठेवा. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंचीचं असतं, कमरेएवढ्या झुडपामागे ते चालकाला दिसत नाही.

पायवाट रुळाला काटकोनातच ओलांडावी. तिरकी असली की व्हीलचेअरचं आणि बाबागाडीचं पुढचं छोटं चाक रुळालगतच्या खाचेत वळून अडकतं. ही खाच चाकाच्या कडेला जागा मिळावी एवढीच ठेवायची, एक मिलिमीटरही जास्त नाही. आतल्या बाजूला चेकरेल, म्हणजे मुख्य रुळाला समांतर दुसरा छोटा रूळ, बसवली की ती तेवढीच राहते. ओलांडण्याच्या जागी चेकर्ड प्लेट (उंचवट्यांची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) टाकण्याचा मोह होतो, पण पावसात ती घसरते. रबरी पॅड किंवा खरखरीत काँक्रीट बरं, रुळाच्या माथ्याशी बरोबर समपातळीत. खाच रोज दोनदा सळईने उकरा. कणसाचे बुंधे, कुल्फीच्या काड्या, शेंगांची टरफलं आणि मुख्य म्हणजे खडीचा तुकडा. मुलांना खाचेत खडा बसवायला फार आवडतं, आणि चाक रुळावर चढून उतरायला घट्ट अडकलेला एक खडा पुरतो.

झुलतं फाटक रुळापासून बाहेरच्या दिशेने उघडणारं हवं. आत येणाऱ्याला ते स्वतःकडे ओढावं लागतं, म्हणजे तो आपोआप थांबतो. रुळावर अडकलेल्याला मात्र नुसतं ढकलून बाहेर पडता येतं. आतल्या बाजूने कडी लावू नका. गजांमधलं अंतर १०० मिलिमीटरच्या आत ठेवा. जागा असेल तर फाटकाआधी रेलिंगचा नागमोडी रस्ता करा आणि वळणं अशी ठेवा की शेवटच्या वळणाला माणसाचं तोंड येणाऱ्या गाडीकडे होईल.

इशारा किती आधी

एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत ४ मीटर धरा. काठी टेकत चालणाऱ्या आजी सेकंदाला पाऊण मीटर चालतात, म्हणजे त्यांना पाच-सहा सेकंद पुरावेत. पण त्यांच्यासोबत नातू असतो, नातवाची चप्पल निसटते आणि तो परत फिरतो. म्हणून घंटा आणि लाल दिवा गाडी येण्याआधी २० सेकंद सुरू झाला पाहिजे. ताशी ६ किलोमीटरला गाडी २० सेकंदांत ३३ मीटर जाते, ताशी ८ ला ४४. सेन्सर किंवा पायपट्टी (चाकाने दाबली की घंटा सुरू करणारी पट्टी) त्याप्रमाणे बसवा. ४० सेकंदांहून जास्त वेळ घंटा वाजत राहिली तर लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि ते वाकून निघतात. एकटी घंटा पुरत नाही, ऐकू न येणारे असतात, कानात इअरफोन घातलेले त्याहून जास्त. दिवा-घंटेला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी द्या. वीज गेली की दिवा लाल राहील अशीच वायरिंग करून घ्या, कारण विझलेला दिवा लोक 'जा' असा वाचतात.

फाटकवाल्याचा क्रम

१. घंटा सुरू होताच फाटकासमोर उभं राहून तळहात दाखवून लोकांना थांबवा. हुज्जत घालू नका, 'गाडी येतेय, थांबा' एवढंच. सुरतेहून त्र्यंबक-शिर्डीला आलेली कुटुंबं सुट्टीत बरीच असतात, 'ऊभा रहो' हे दोन शब्द पाठ करा.
२. दोन्ही फाटकं लावा, मग रुळाच्या मधल्या भागाकडे आणि झुडपांकडे एकदा नजर फिरवा.
३. रूळ मोकळा दिसल्यावरच हिरवी झेंडी स्थिर धरा. तोवर लाल.
४. शेवटचा डबा पूर्ण पलीकडे गेल्यावर झेंडी गुंडाळा, दुसरी गाडी नाही ना हे पाहा, मग फाटक.

झेंडी हातात नसेल तर दोन्ही हात डोक्याच्या वर उभे करणं म्हणजे 'थांब'. भारतीय रेल्वेत हाच इशारा आहे, वेगळा शोधू नका. कोणत्याही रंगाची वस्तू, अगदी टोपीसुद्धा, कुणी जोरजोरात हलवत असेल तर चालकाने तो थांबण्याचा इशाराच समजावा. हलवणारा पाच वर्षांचा असला तरी. फाटकवाला जेवायला गेला तर बदली माणूस, बदली नसेल तर गाडी उभी.

चालकासाठी

फाटक बंद आहे असं कधीच गृहीत धरू नका. हिरवी झेंडी दिसली नाही तर 'थांबा' फलकाशी थांबायचं, मग फाटकवाला हात करून हसत असला तरी. शिट्टीचा फलक फाटकाआधी ४० मीटरवर लावा. रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहितात तसाच लिहिला तर नवा चालकही ओळखतो.

ब्रेकचा हिशोब असा: बघून हात चालेपर्यंत दीड सेकंद जातो. कोरड्या रुळावर गाडीचा वेग सेकंदाला अर्धा मीटरने कमी होतो असं धरलं, तर ताशी १२ ला सोळा मीटर लागतात, ताशी ८ ला सव्वाआठ, ताशी ५ ला चार. ओल्या रुळावर पकड निम्मी झाली तर हेच आकडे २७, १३ आणि ६ होतात. म्हणून फाटकावर ताशी ५, कोरडं असो की ओलं. वेग दाखवणारा काटा या गाड्यांत बहुधा बंद असतो किंवा नसतोच. मार्गालगत २० मीटर अंतरावर दोन चुन्याचे खांब करा. मधलं अंतर ९ सेकंदांत गेलं तर वेग ताशी ८, साडेचौदा सेकंदांत गेलं तर ताशी ५. हे धरलेले आकडे तुमच्या गाडीला लागू होतील असं नाही, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक सीटवर वाळूची ५० किलोची गोणी ठेवून ब्रेक मारून फूटपट्टीने मोजा. रिकाम्या गाडीचा सकाळचा ब्रेक फार चांगला लागतो, त्यावर विसंबू नका.

गाडी फाटकावर आडवी उभी करायची नाही. उभी राहिली की मुलं दोन डब्यांच्या मधून, कपलिंगवरून उडी मारून पलीकडे जातात. डब्यांमधल्या मोकळ्या जागेला दोन्ही बाजूंनी साखळी किंवा जाळी हवीच. मागे घ्यायची झाली तर गार्ड खाली उतरून शेवटच्या डब्यामागे चालेल, तो शिट्टी देईल तेव्हाच. दोन गाड्या एकाच गोलावर सोडायच्या असतील तर पितळी बिल्ला एकच ठेवा. ज्याच्या हातात बिल्ला तोच फलाट सोडेल. वॉकीटॉकी असली तरी बिल्ला हवा, कारण बॅटरी संपते आणि 'सोडू नको' मधला 'नको' नेमका खरखरीत हरवतो.

फलाटावर गार्डने दोनच गोष्टी निरखायच्या: बाजूची साखळी लागली का, आणि पदर-ओढणी आत घेतली का. चाकांच्या बाजू पत्र्याने झाकलेल्या असाव्यात, तरी ओढणी बघायचीच.

पाऊस आणि जांभूळ

ओल्या रुळापेक्षा नुकता भिजलेला रूळ जास्त घसरडा असतो, कारण धूळ आणि तेलाचा लगदा होतो. पहिल्या सरीनंतर एक फेरी रिकामी काढा. रुळावर जांभळाचं झाड असेल तर जूनभर रोज दोनदा ब्रश मारा. चाकाखाली चिरडलेल्या जांभळाचा गर साबणासारखा काम करतो, आणि उतारावर चाकं जाम होऊन गाडी घसरत जाते. चाकं जाम झाली तर ब्रेक थोडा सोडून पुन्हा लावा. चाळलेली कोरडी वाळू इंजिनात डब्यात ठेवा, पण ती फाटकाच्या सेन्सरजवळ टाकू नका. रुळातून वीज खेळवून चालणारा सेन्सर असेल तर वाळूच्या थरामुळे त्याला गाडी कळतच नाही. हिवाळ्यात सकाळच्या दवानेही रूळ घसरडा होतो. पाणी रुळाच्या माथ्यावर आलं किंवा विजा कडाडायला लागल्या की फेऱ्या बंद.

चाक उतरलं तर

इंजिन बंद, हँडब्रेक, दोन्ही बाजूंना लाकडी गुटके. लोकांना बसून राहायला सांगा आणि एकेक डबा एकाच बाजूने उतरवा. 'चला, उचलूया' म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना लांब ठेवा, बोटं तिथेच जातात. जॅक आणि लाकडी ठोकळ्यांनी डबा वर घ्या, पण त्याआधी मोबाइलवर रुळाचा फोटो काढा. चाक रुळाच्या माथ्यावर चढून गेलं असेल तर माथ्यावर तिरकी बारीक रेघ दिसते. ती जिथे सुरू होते तिथून मागे दोन-तीन मीटर दोष शोधा: एक रूळ खाली बसलेला, खाचेत खडा, किंवा चाकाची कड झिजून धारदार झालेली. रेघ नसेल आणि चाक सरळ आत पडलं असेल तर गेज पसरलंय, स्लीपरचे (रुळांखालच्या आडव्या तुळयांचे) स्क्रू बघा. कारण सापडेपर्यंत प्रवासी घ्यायचे नाहीत.

चाकं नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर सहज टर्न होतात. फक्त जाताना पत्र्याचा साचा कापून न्या, नाहीतर टर्नर चाक सरळ गोल करून देतो. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागाला २० ला १ चा उतार हवा, त्याच उतारामुळे गाडी रुळाच्या मध्यावर राहते. एका आसावरच्या दोन चाकांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नको, नाहीतर डबा कायम एकाच रुळाला चिकटून धावतो.

संध्याकाळी शेवटच्या फेरीनंतर गाडी सपाट जागी, फाटकापासून दूर लावा. हँडब्रेक, गुटके, किल्ली ऑफिसात. फाटकं कुलपाने बांधून टाका, कारण बाग बंद झाल्यावर सर्वांत आधी माळ्याची मुलं डब्यात चढतात. झेंड्या आत आणून ठेवा. नाशिकच्या उन्हात लाल कापड एका उन्हाळ्यात गुलाबी होतं, ३० मीटरवरून ते लाल दिसत नाही. दर मे संपला की नवं शिवून घ्या.