मधुमेह असताना लांबच्या प्रवासात गाडी कशी चालवावी

मधुमेह झाला म्हणून गाडी चालवणं सोडावं लागत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील, तर गाडी चालवताना साखर अचानक उतरू शकते. (नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फारच कमी.) साखर उतरली की सगळ्यात वाईट काय होतं, तर माणसाला स्वतःची अवस्थाच कळत नाही. "मी ठीक आहे" म्हणत तो गाडी दामटत राहतो. म्हणून काय करायचं ते घरूनच ठरवून निघा.

१. निघण्याआधी साखर मोजा. ग्लुकोमीटरवर ९० च्या वर असेल तर निघा. ७० ते ९० असेल तर आधी खाऊन घ्या. ७० च्या खाली असेल तर किल्लीला हात लावू नका. एकादशीचा उपवास धरून, नेहमीची गोळी घेऊन गाडी चालवणं तर फारच धोक्याचं. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

२. दर दोन तासांनी थांबून पुन्हा मोजा. बोरघाटात कोंडी झाली की जेवणाची वेळ हमखास टळते, हे धरूनच चाला.

३. ग्लुकोज पावडर हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. लोणावळ्याची चिक्की किंवा पेढा इथे कामाचा नाही: दाण्यातल्या तेलामुळे, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

४. घाम, थरथर, कडकडून भूक, धूसर दिसणं, उगाच चिडचिड यातलं काहीही जाणवलं की गाडी बाजूला घ्या. चिडचिड बहुतेक वेळा शेजारी बसलेल्याच्याच आधी लक्षात येते. त्याने "थांब" म्हटलं की थांबायचं, हे आधीच ठरवा. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. वाद घालायला तेवढा रस्ता नसतो.

सुरक्षित जागी इंजिन बंद करून ड्रायव्हरच्या सीटवरून उठा. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण ३-४ चमचे, पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी मोजा; अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. मग पोळी किंवा बिस्किटं खा. साखर जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवू नका, कारण मेंदू सावरायला जास्त वेळ लागतो. नेमकी हीच पायरी लोक गाळतात. कृपा करून गाळू नका.

चालक बेशुद्ध पडला तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

५. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही, घाम मात्र येतो. साखर उतरल्याचं अजिबात कळेनासं झालं असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवू नका. चाळिशीनंतर लायसन्ससाठी फॉर्म १-ए वर डॉक्टरांची सही लागते. तेव्हा साखर किती वेळा उतरली, कुठली गोळी चालू आहे, पायांना बधिरपणा आहे का, हे सगळं त्यांना सांगा.