परळमध्ये फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष: मुंबईत बस्तान कसं बसवावं

राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशयादीत नाव लागतं आणि कॉलेजात हजर व्हायला हातात मोजकेच दिवस उरतात. नंतरच्या फेरीत नंबर लागला असेल तर वर्ग सुरू झालेले असतात आणि हॉस्टेल भरलेलं असतं. अशा घाईत बहुतेक घरांत आधी गादी, बादली, कुकर यांची यादी निघते. खरं तर पहिला निर्णय अंतराचा असतो, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

फिजिओथेरपी स्वतःच्या शरीराने शिकायची असते. दिवसातला मोठा वेळ उभ्याने जातो: डिसेक्शन हॉलमध्ये (जिथे मृतदेहावर शरीररचना शिकतात), लॅबमध्ये, प्लिंथशेजारी, म्हणजे रुग्णाला झोपवायच्या उंच बाकाशेजारी. संध्याकाळी पाय आणि डोकं दोन्ही शाबूत असतील तरच अ‍ॅनाटॉमी डोक्यात शिरते. रोजचे तीन तास प्रवासात गेले तर आधी झोप कमी होते, मग सकाळचा नाश्ता सुटतो आणि शेवटी पहिल्या लेक्चरची हजेरी जाते. हजेरी कमी पडली की विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म अडतो. भाडं वाचवायला डोंबिवलीच्या पलीकडे खोली घ्यायचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांडा.

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेली फिजिओथेरपीची शिक्षणकेंद्रं परळला के.ई.एम.मध्ये, मुंबई सेंट्रलला नायरमध्ये आणि सायनला लोकमान्य टिळक रुग्णालयात आहेत. के.ई.एम.मधली शाळा 1950 च्या दशकाच्या सुरुवातीची, पोलिओच्या साथींच्या काळातली. हा लेख परळ धरून लिहिला आहे. बाकी दोन ठिकाणी स्टेशनांची नावं बदलतील, रीत तीच.

निघण्यापूर्वी

मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात आणि लवकर परत हाती येत नाहीत. म्हणून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचा निकाल, सीईटी सेलचं अ‍ॅलॉटमेंट पत्र, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला या प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढा. शिवाय रंगीत स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा. बारावी सीबीएसईतून झाली असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. एखादं वर्ष मध्ये गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र गावातच करून घ्या. पासपोर्ट आकाराचे वीस फोटो एकदम काढा.

बँक खात्याचं आधार सीडिंग (खातं आधारशी जोडलेलं असणं) घरून निघण्याआधी तपासा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला, याने फरक पडत नाही. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं, तर हप्ता तिथेच अडकतो.

खोली

हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्या. जागा नाही म्हणाले तरी प्रतीक्षायादीत नाव घालून पोच घ्या. वर्षाच्या मध्ये जागा सुटतात आणि पोच असलेल्याला मागे लागता येतं.

बाहेर राहायचं तर परळ-लालबाग परिसर सोयीचा, पण महाग. टाटा, वाडिया आणि के.ई.एम. ही रुग्णालयं जवळजवळ असल्याने रुग्णांचे नातेवाईकही याच भागात जागा शोधत असतात. त्यापेक्षा भायखळा, माझगाव, गिरगाव या दक्षिणेच्या बाजूला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने, जागा पाहा. सकाळी मुंबईची गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ठाणे, मुलुंड, घाटकोपरहून आलात तर त्याच लोंढ्यात दादर-परळला उतरावं लागतं. भायखळ्याहून निघालात तर चिंचपोकळी, करी रोड आणि मग परळ, सगळा प्रवास गर्दीच्या उलट दिशेने. शिवडीहून चालत किंवा बेस्टनेही येता येतं. पश्चिम मार्गावर राहणाऱ्यांनी प्रभादेवीला उतरावं. दोन्ही स्टेशनं पादचारी पुलाने जोडलेली आहेत.

जागा पाहायला शक्यतो दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर. दिवसा शांत वाटणारी खोली रात्री रस्त्याच्या आवाजाने भरून जाते. चार गोष्टी थेट विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, रात्री दार किती वाजता बंद होतं आणि स्वयंपाकाला परवानगी आहे का. टेबल-खुर्ची मिळणार का, हेही विचारा. कॉटवर मांडी घालून चार तास वाचल्यावर कंबर दुखते, आणि कंबरदुखी झालेला फिजिओचा विद्यार्थी प्रॅक्टिकलला वाकू शकत नाही.

डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि पावतीवर डिपॉझिट किती, भाडं किती आणि सोडायच्या आधी किती दिवस कळवायचं हे लिहून घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा 11 महिन्यांचा असतो. कॉट बेसिसवर अनेकदा करार करतच नाहीत, पण मागा. पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी, रेल्वेचा पास, वसतिगृह भत्त्याचा अर्ज, सगळीकडे पत्त्याचा पुरावा विचारला जातो. तो नसल्याने अर्ज परत येतात.

पास

विद्यार्थी सवलतीचा दाखला कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो. त्यावर राहत्या जागेजवळचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन लिहिलेलं असतं. तो घेऊन तिकीट खिडकीवर गेलं की सवलतीचा पास निघतो. तीन महिन्यांचा काढा. एक-एक महिन्याचे तीन काढण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि रांगेतल्या दोन खेपा वाचतात. दाखला हाती आला की पास लांबवू नका. खोली बदलण्याची शक्यता असेल तर मात्र आधी मासिकच काढा, कारण पास त्या दोन स्टेशनांपुरताच चालतो.

परळला स्लो लोकलने उतरायचं. फास्टने आलात तर दादरला बदला. दादरचे फलाट डिसेंबर 2023 पासून सलग क्रमांकांचे झाले आहेत: पश्चिम रेल्वेचे 1 ते 7, मध्य रेल्वेचे 8 ते 14. जुन्या माणसाने सांगितलेला फलाट क्रमांक चुकू शकतो, पाटी वाचा.

डबा

पहिल्या आठवड्यात महिन्याचे पैसे भरू नका. तीन ठिकाणचे डबे दोन-दोन दिवस खाऊन पाहा. बहुतेक खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्या रात्रीची सोय आधीच ठरवा. डिसेक्शनच्या दिवशी उपाशी पोटी जाऊ नका. मृतदेह टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासाने मळमळ होते, रिकाम्या पोटी चक्करही येते.

काय घ्यावं, काय घेऊ नये

सीनियर यादी देतात ती सगळ्या वर्षांची मिळून असते. पहिल्या वर्षाला एवढं पुरतं: पूर्ण बाह्यांचे दोन सुती अ‍ॅप्रन (एक धुवायला, एक अंगावर), पुढून बंद आणि न घसरणाऱ्या तळव्याचे बूट, पूर्ण वर्तुळाचा 360 अंशांचा पारदर्शक प्लास्टिक गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), दीड मीटरची कापडी मेजरटेप, ग्लोव्ह्ज आणि कॉलेजने सांगितलेली जर्नलं (प्रॅक्टिकलच्या वह्या). डिसेक्शन बॉक्स कॉलेज सांगेल तेव्हाच घ्या. स्टेथोस्कोप आणि बाकीचं निदानाचं सामान नंतर.

हाडांचा सेट विकत घ्यायची गरज नाही. सीनियरकडून वर्षापुरता मिळतो. घेताना उजवी-डावी हाडं मोजून, नावं लिहून घ्या. मनगटाची आठ हाडं एका डबीत ठेवा. त्यातलं पिसिफॉर्म वाटाण्याएवढं असतं आणि तेच सगळ्यात आधी हरवतं. डिसेक्शन हॉलमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, चष्मा वापरा.

प्रॅक्टिकलला एकमेकांच्या अंगावरच सराव असतो, म्हणून बॅगेत कायम एक हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट ठेवा. नखं कापलेली हवीत. हात लावण्याआधी काय करणार ते सांगून परवानगी घ्यायची, मग समोर मैत्रीण असो वा मित्र. संकोच वाटत असेल तर शिक्षकांना सांगून जोडी बदलून घेता येते, त्यात काही वावगं नाही.

रूममेटच्या गुडघ्यावर सराव

पहिल्या महिन्यात ही सवय लागली तर वर्ष सोपं जातं. रूममेटला कॉटवर उताणं झोपवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा टणक उंचवटा चाचपा, तो लॅटरल एपिकॉन्डाइल. गोनिओमीटरचं केंद्र तिथे. स्थिर पट्टी खुब्याजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरच्या दिशेने, हलती पट्टी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या, म्हणजे लॅटरल मॅलिओलसच्या दिशेने. आता टाच कुल्ल्याकडे सरकवायला सांगा. निरोगी गुडघा साधारण 135 अंशांपर्यंत वाकतो.

चूक बहुतेक वेळा एकच होते. गुडघा वाकताना केंद्र उंचवट्यावरून सरकतं आणि लक्षात येत नाही. म्हणून वाकवून झाल्यावर तिन्ही खुणा पुन्हा चाचपा, मगच आकडा वाचा. तीनदा मोजा आणि प्रत्येक वेळी गोनिओमीटर काढून परत लावा. मग दुसऱ्याला तुमचा आकडा न सांगता मोजायला द्या. दोघांत पाच अंशांहून जास्त फरक आला तर खुणा चुकल्या आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांना नावांची धास्ती वाटते. पण नाव फोडलं की स्नायू कुठे चिकटतो तेच समोर येतं. स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड घ्या: स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लाइडो म्हणजे क्लॅविकल अर्थात गळपट्टीचं हाड, मास्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. आरशासमोर हनुवटीवर हात टेकवून मान डावीकडे वळवायचा जोर लावा. गळ्याच्या उजव्या बाजूला दोरीसारखा तट्ट उभा राहतो तो उजवा स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड. एकटा आकसला की चेहरा विरुद्ध बाजूला वळतो, हे एकदा बोटांनी कळलं की व्हायवात (तोंडी परीक्षेत) विसरायला होत नाही. प्रत्येक स्नायूचं ओरिजिन (कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे जाऊन चिकटतो), नर्व्ह सप्लाय (कोणत्या मज्जातंतूने चालतो) आणि अ‍ॅक्शन रोज पाचच्या हिशेबाने वहीत लिहा. उच्चार देवनागरीत लिहायला लाजू नका. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे नुसती पाठांतराची वही पुरत नाही. तोंडाने सांगता आणि हाताने दाखवता आलं पाहिजे.

लस आणि पाऊस

रुग्णांजवळ जाण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण हवेत: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डातलं पोस्टिंग लागल्यावर सुरू केलं तर संरक्षण मिळेपर्यंत अर्धं वर्ष निघून जातं. लहानपणी घेतले असतील तर कार्ड शोधून आणा.

पावसाळ्यात परळजवळच्या हिंदमाताला पाणी साचतं. त्या पाण्यातून चालावं लागलं, विशेषतः पायाला जखम असताना, तर लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा, धोका असतो. पाय साबणाने धुवा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाही ते ठरवतील. तापावर मनाने औषध घेऊ नका. बॅगेत चपलांचा जादा जोड आणि जर्नलांसाठी प्लास्टिकची पिशवी ठेवा. भिजलेलं जर्नल पुन्हा लिहून पुन्हा सह्या घेणं फार जिवावर येतं.

गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते दर्शनाच्या गर्दीने भरतात. त्या दहा दिवसांत बसचा भरवसा धरू नका, स्टेशनहून चालत या आणि अर्धा तास आधी निघा.

पैसे

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार अशा वेगवेगळ्या योजना आहेत. त्यातल्या काहींचे अर्ज स्वतंत्रपणे समाजकल्याण किंवा आदिवासी विभागाकडे जातात, म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनांना पहिल्याच आठवड्यात भेटा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. फी भरण्याआधी हे विचारा, नंतर परतावा मागत बसावं लागतं.

माणसं

ज्या सीनियरचा गाव तुमच्या जिल्ह्यात आहे त्याला किंवा तिला शोधा. हाडांचा सेट, खोली, डबा यांतलं निम्मं काम एका ओळखीने होतं. मदत आणि त्रास यांतला फरक मात्र ओळखा. रात्री खोलीवर बोलावून जर्नल लिहून घेणं, अपमान करणं हे रॅगिंग आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास चालते. नंबर आजच फोनमध्ये ठेवा आणि घरच्यांनाही द्या.

पहिल्या महिन्यात दर शनिवारी गावी पळू नका. रविवार कपडे, जर्नल आणि झोपेसाठी लागतो, आणि शहरही त्याच दिवशी ओळखीचं होतं. दिवाळीच्या तिकिटाचं मात्र आताच पाहा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं आणि कोकण, मराठवाडा, विदर्भाच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. कॉलेजच्या टर्मिनल परीक्षेची तारीख नोटीस बोर्डवर पाहा, मग तिकीट काढा. रेल्वे हुकली तर एसटीचं परळ आगार जवळच आहे.