लॅपटॉपचे दोन प्रोसेसर: तुलना कशी करायची

इंटेलचे आय५, आय७ किंवा एएमडीचे रायझन ५ एवढ्या नावावर जाऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर बघा. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू यांच्यात वरवर दहाचाच फरक, पण पहिल्यात झेन २ चे ४ कोर, दुसऱ्यात झेन ३ चे ६ (झेन म्हणजे एएमडीच्या कोरची पिढी, आकडा मोठा तितकी नवी). या ७००० मालिकेत पिढी तिसऱ्या अंकात लपलेली असते. (ही नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!)

मग शेवटचं अक्षर. आय५-१२३५यू ची बेस पॉवर १५ वॅट, आय५-१२५००एच ची ४५. रेंडरिंगला (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करणं) एच, दिवसभर बॅटरीवर काम असेल तर यू.

दोन्ही लॅपटॉप हाताशी असतील तर चार्जर लावा, पॉवर मोड सारखा ठेवा आणि सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची मल्टी-कोर टेस्ट (सगळे कोर एकदम) पूर्ण १० मिनिटं चालवा. एकाच फेरीचा स्कोअर फसवा असतो: सुरुवातीला टर्बोमुळे (थोडा वेळ वाढवलेला वेग) आकडा फुगतो, चिप तापली की तिचा क्लॉक स्पीड खाली येतो. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून तापमान आणि वॅट बघत राहा. वॅट घसरले तर दोष बहुधा कूलिंगचा किंवा कंपनीने घातलेल्या पॉवर मर्यादेचा.

सिंगल-कोर (एकाच कोरचा) स्कोअरही घ्या. ब्राउझर, एक्सेलला तोच जास्त लागू पडतो. गेमिंग टेस्टआधी रॅम तपासा. एका लॅपटॉपमध्ये रॅमची एकच स्टिक असेल तर इंटिग्रेटेड ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेलं) मार खातं, आणि बोल मात्र प्रोसेसरला लागतो.