कॅन्सलेशनच्या कागदावर सही करण्याआधी

यूएईत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसालाही एक गोष्ट शेवटच्या महिन्यापर्यंत जाणवत नाही. आपण इथे राहतो ते कंपनीच्या आधारावर. व्हिसा कंपनीचा, मेडिकल इन्शुरन्स कंपनीचा, बऱ्याचदा घरही कंपनीचं, आणि बायकोचा व्हिसा आपल्या व्हिशाला बांधलेला. मंडूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, येतो, पासपोर्ट घेऊन जातो, काही दिवसांनी नवं एमिरेट्स आयडी हातात ठेवतो. निवृत्त झालो की हे सगळं एकदम सुटतं आणि पुढचं प्रत्येक काम स्वतः टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, जाऊन करावं लागतं. मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलो. ज्यांची नोकरी दोन-तीन वर्षांत संपणार आहे आणि ज्यांना इथेच राहायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी पात्रता. निवृत्तांचा रेसिडेन्स व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि नंतर नूतनीकरण होतं. निवृत्त होताना वय ५५ पूर्ण हवं, किंवा यूएईत वा बाहेर मिळून १५ वर्षं नोकरी झालेली हवी. शिवाय पैशाची अट: १० लाख दिरहमची मालमत्ता, किंवा १० लाखांची बचत, किंवा महिना २० हजार दिरहम उत्पन्न. दुबईत उत्पन्नाची मर्यादा १५ हजार आहे. मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्यावं लागतं. शारजात राहणाऱ्यांनी दुबईचा आकडा गृहीत धरू नये. आमच्या ओळखीतल्या एकांनी तसं धरलं आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला.

आपल्याकडे बहुतेकांचा भरवसा ग्रॅच्युइटीवर असतो, म्हणून तिचा हिशेब इथेच करून दाखवतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा पगार, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. यातला ‘पगार’ म्हणजे बेसिक. समजा हातात २० हजार येतात, पण बेसिक १० हजार आहे आणि नोकरी २० वर्षांची आहे. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या पंधरा वर्षांचे ४५० दिवस, मिळून ५५५. रोजचे ३३३ दिरहम आणि काही फिल्स धरले की होतात १ लाख ८५ हजार. दहा लाख अजून खूप लांब आहेत. म्हणून जे आत्ताच, तिशीत इथे आले आहेत त्यांनाही सांगतो: ऑफर लेटरमध्ये एकूण आकडा बघून खूश होऊ नका, बेसिक किती आणि अलाउन्स किती ते विचारा. घरभाड्याच्या आणि गाडीच्या नावाखाली गेलेली रक्कम ग्रॅच्युइटीत कधीच येत नाही.

आता क्रम. माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. कंपनीनं व्हिसा कॅन्सल केला की ग्रेस पीरियड, म्हणजे देशात राहायची सवलतीची मुदत, सुरू होतो. तो व्हिशाच्या प्रकाराप्रमाणे ३० ते १८० दिवसांचा असतो. दुसऱ्याला किती दिवस मिळाले यावर जाऊ नका, आपल्या कागदावरची तारीख वाचा. ती उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड. या काळात नवा अर्ज, मेडिकल, एमिरेट्स आयडी, इन्शुरन्स आणि बायकोचा व्हिसा एवढं उरकायचं असतं. म्हणून कागद आधीच तयार हवेत. मुदत ठेव करायची असेल तर ती पगार येत असतानाच करा. पगार चालू असलेल्या माणसाशी बँक वेगळं बोलते.

बँकेचं हे प्रकरण नीट ऐका. अंतिम हिशेबाची रक्कम खात्यात आली की नोकरी सुटल्याचं बँकेला कळतं. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती वसूल होईपर्यंत खातं गोठवलं जाऊ शकतं. माझं कार लोन संपायला चार हप्ते उरले होते. तेवढ्यासाठी सगळी ग्रॅच्युइटी अडकली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरभाड्याचा चेक लागायचा होता. ते नऊ दिवस मी आणि सौ. रात्री जागेच असायचो. नोटीस देण्याच्या निदान तीन महिने आधी कर्ज फेडून टाका, कार्ड बंद करा आणि लायबिलिटी नसल्याचं पत्र बँकेकडून लेखी घेऊन ठेवा.

कॅन्सलेशनच्या कागदावर ‘मला सर्व देणी मिळाली’ असं लिहिलेलं असतं. मंडूब घाईत असतो, पैसे उद्या येतील म्हणतो, बरोबरीची माणसं सही करून मोकळी होतात. पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. कराराच्या अखेरीनंतर १४ दिवसांत सगळी देणी द्यावीत असं कायदाच सांगतो, तेव्हा थांबायला सांगणं यात उद्धटपणा काही नाही. शांतपणे सांगायचं, ‘भाई, पैसा आ जाये, उसी दिन साइन करता हूँ.’ मी हेच सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले.

बायकोची फाइल आपल्याआधी विचारात घ्या. आपला व्हिसा कॅन्सल करायचा तर तिच्या व्हिशाची सोय आधी लावावी लागते. तो कॅन्सल न करता होल्डवर ठेवायची सोय असते, तिची आमेर सेंटरमध्ये, म्हणजे दुबईच्या व्हिसा सेवा केंद्रात, स्वतः जाऊन चौकशी करा. नवा व्हिसा आला की तुम्ही तिचे स्पॉन्सर ठरता आणि तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला पुन्हा लागू शकतो. तो भारतात राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास यांच्याकडून, आणि शेवटी इथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित झालेला हवा. आमच्या दाखल्यावर सौ.चं माहेरचं नाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बोट ठेवलं तेव्हा कुठे ते आमच्या लक्षात आलं. नावं आजच जुळवून बघा. गावाकडून असा कागद दुरुस्त होऊन यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, तुमच्या नावावर नसते. दुबईत स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि इजारी लवकर करून घ्या.

सगळ्यात जास्त काळजी मला इन्शुरन्सची वाटते. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि दुबईत इन्शुरन्सशिवाय व्हिसा होत नाही. साठीच्या आसपास, त्यातून बीपी किंवा शुगर असेल तर, नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लावला जातो. यावर एक उपाय आहे: जुन्या विमा कंपनीकडून कंटिन्युइटी सर्टिफिकेट मागून घ्या. आधीपासून सलग कव्हर होतं हे त्यातून दिसतं आणि नवी कंपनी ते मान्य करू शकते. मात्र मध्ये खंड पडू देऊ नका. दोन पॉलिसींमध्ये महिनाभराची फट राहिली तर त्या कागदाला फारसा अर्थ राहत नाही. हे सर्टिफिकेट एचआरकडून नोकरीत असतानाच मिळवा. नंतर फोन उचलला जाईल याची खात्री नाही. आजार लपवून फॉर्म भरू नका, क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. आणि शेवटच्या महिन्यात डोळे, दात, रक्ताच्या तपासण्या, जे काही करायचं ते जुन्या पॉलिसीवर करून घ्या.

या व्हिशावर नोकरी करता येत नाही. कुणी ‘दोन तास येऊन हिशेब बघून जा’ म्हटलं तरी त्यासाठी वेगळं वर्क परमिट लागतं. ओळखीपोटी असं काम अंगावर घेऊ नका.

राहिला भारताचा भाग. आता सुट्टीचं बंधन नाही, म्हणून आपण गावी जास्त राहू लागतो. गणपतीला गेलेला माणूस दिवाळी करून परततो. पण भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न वर्षाला १५ लाख रुपयांच्या वर असेल, तर १८२ दिवसांऐवजी १२० दिवसांनंतरच त्याचा रहिवासी दर्जा बदलू शकतो. भाडं, व्याज, शेअर विक्रीचा नफा सगळं धरून बघा, १५ लाख वाटतात तितके लांब नसतात. दुसऱ्या बाजूला, यूएईबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू नका. पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक प्रवासात तिच्यात दोन तारखा लिहा, निघाल्याची आणि परतल्याची. एप्रिल ते मार्च असं एक पान. आमच्या वहीत सौ.चं पान वेगळं आहे, कारण ती लेकीच्या बाळंतपणाला माझ्याआधी गेली होती.